वर्गात हसतं कोण? (शिक्षण परिषदेसाठी मदत हवी आहे)

गिरणाकाठ
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पुष्कळ दिवसांनी धागा काढतेय आणि लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

मी मूळची एरंडोलकडची. अकरा वर्षं झाली, नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत एक तास माझ्या वाट्याला आलाय. पत्रात विषय असा: ‘बहुसांस्कृतिक वर्ग व भेदभावमुक्त अध्यापन’. केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुम्ही वाचता-बिचता, तुम्हीच घ्या. दहा-बारा स्लाइड करा, झालं." समोर चाळीसेक शिक्षक असतील. तास जेवणानंतरचा आहे, म्हणजे काय ते समजून घ्या.

स्लाइड करायला मला एक संध्याकाळ पुरेल. शिक्षण हक्क कायदा २००९, त्यातलं कलम १७ (मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही), कलम २९ (शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवायचं, मूल भीतीमुक्त राहील असं बघायचं). मग समता, बंधुता, एक तिरंगा, आभार. हे त्या चाळीस जणांना पाठ आहे. मलाही पाठ होतं, तरी मी जे केलं ते केलंच.

काय केलं ते सांगते. नोकरीचं पहिलं वर्ष. तिसरीतली एक पावरा (आदिवासी) मुलगी उभी राहून धडा वाचत होती. मध्येच अडखळली आणि एका शब्दाला तिच्या बोलीतला हेल लागला. वर्ग हसला. वर्ग म्हणजे मुख्यतः गावातली, शेतकरी-दुकानदारांची मुलं. मी त्यांना गप्प करायला हवं होतं, ते सोडून मीही हसले. गोड वाटलं म्हणून हसले, असं तेव्हा स्वतःला समजावलं. त्या मुलीने वर्ष संपेपर्यंत मोठ्याने वाचलं नाही. लेखी बरी गेली. तोंडीला उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली.

आता गंमत बघा. मी स्वतः डी.एड.ला पुण्यात होते. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये "ताई, पानी द्या ना" म्हटलं तर टेबलभर हशा. "न नळाचा की ण बाणाचा?" हे पुढे दोन वर्षं ऐकलं. ‘शे’ (अहिराणीतलं ‘आहे’) तर मी चुकूनही तोंडातून निघू दिलं नाही. आईचा फोन आला की गच्चीवर जाऊन बोलायचे. ती अहिराणीत, मी छापील मराठीत. आणि तीच मी इथे येऊन तिसरीतल्या पोरीला हसले.

तर प्रश्न असा, की एका तासात शिक्षकाला स्वतःचं हसू ऐकू येईल असं काय करता येईल? अमेरिकेतला तो निळ्या डोळ्यांचा प्रयोग वाचलाय. तो करावा का? असं प्रशिक्षण ज्यांनी घेतलंय, दिलंय किंवा ज्यांच्यावर ते द्यायची वेळ आली, सगळ्यांनी लिहा.


स्पष्टवक्ता७१
सोमवार, रात्री १०:१५

राग मानू नका मॅडम, पण हा वंशवाद वगैरे गोऱ्यांचा प्रश्न आहे. तिकडचं औषध आणून इकडच्या माणसाला कशाला पाजायचं? आमच्या वेळी मास्तर सगळ्यांना सारखेच झोडपायचे, त्याहून मोठी समता नाही. :)

आणि आधी शाळेला शिक्षक द्या. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात एक बीएलओ (मतदार यादीच्या कामाला), दुसरा ऑनलाइन माहिती भरतोय. त्यांना बहुसांस्कृतिक कुठून करता?


कळण्याची_भाकर
सोमवार, रात्री १०:५२

स्पष्टवक्ता भाऊ, झोडपायचे सारखेच, कबूल. पण संडासात पाणी टाकायला कोणाला पाठवायचे ते आठवतंय का?

मी धुळे जिल्ह्यात मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. एकदा वार्षिक तपासणीसाठी जुन्या वह्या काढल्या, त्यात सफाईच्या पाळ्यांची वही होती. वर्गशिक्षकांनी आपापल्या हाताने लिहिलेली. वर्ग झाडायला सगळ्यांची नावं फिरत होती. मुतारी धुवायला मात्र पाच वर्षांत तीच चार-पाच आडनावं. कोणी ठरवून केलं नव्हतं. शिक्षकांना विचारलं तर म्हणाले, "सर, ती पोरं न सांगताच जातात, चपळ आहेत." अनुसूचित जातीचे एक शिक्षकही माझ्याकडे होते. त्यांच्याही पाळीत तीच नावं. माझी सही दर महिन्याला त्या वहीवर होतीच की.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, तिथलं छात्रालय त्यांच्याकडे होतं आणि मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे. हे आम्ही दर जयंतीला भाषणात सांगतो आणि भाषण झालं की खुर्च्या उचलायला पुन्हा त्याच पोरांना हाक मारतो.

गिरणाकाठ ताई, स्लाइड करूच नका. प्रत्येकाला आपल्या शाळेची एक वही आणायला सांगा. हजेरी, सफाई, स्नेहसंमेलनातल्या भूमिका, काहीही. आणि त्यांच्याकडूनच नावं मोजून घ्या.


चाळीसगावकर
मंगळवार, सकाळी ७:३०

"गोऱ्यांचा प्रश्न" वाचून आमच्या स्टेशनची आठवण झाली.

१९२९ साली डॉ. आंबेडकर मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात चौकशीला आले होते. अस्पृश्यांच्या तक्रारी ऐकायला. चाळीसगावला उतरले, वस्तीवर जायचं तर टांगेवाला नेईना. बाबासाहेबांनी पायी जाणं लोकांना बरं वाटेना. शेवटी तोड निघाली ती अशी, की टांगा भाड्याने देतो, हाकणार मात्र नाही. मग वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला, घोडा-टांगा नदीत. पुढे त्यांनी लिहिलंय की टांगेवाल्याचं काम हलकं धरलं जाई, तरी बॅरिस्टर असलेल्या अस्पृश्यापेक्षाही तो स्वतःला वरचा समजत होता.

मॅडम, तुमच्या मेसमधल्या ‘पानी’चं आणि तिसरीतल्या मुलीचं मला हेच वाटलं. आपल्याखाली कोणीतरी एक पायरी लागतेच माणसाला.


लेवापोर
मंगळवार, सकाळी ८:०५

वाचतेय. आमचं लेवा बोलीतलं ‘केयी’ (केळी) आणि ‘डोया’ (डोळा) ऐकून जळगावातलेच लोक हसतात, पुण्याला कशाला जायला हवं. आणि बहिणाबाईंच्या कविता म्हणायची वेळ आली की तेच ‘डोया’ गहिवरून म्हणतात.


सातपुड्याचा_पोऱ्या
मंगळवार, दुपारी १:२०

ताई, तुमच्या धाग्यातल्या त्या मुलीच्या बाजूने लिहितो. मी धडगावकडचा पावरा. दहावीपर्यंत आश्रमशाळा, मग शहादा, आता नाशिकला नोकरी.

आमच्या घरी सगळ्यांना ‘तू’. बापाला तू, आजीला तू, गावच्या कारभाऱ्याला तू. ‘तुम्ही’ म्हणजे पुष्कळ जण. पहिलीत असताना मी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, तू जेवला का?" त्यांनी कानाखाली दिली. मला वाटलं जेवणाचं विचारलं तेच चुकलं, कदाचित मास्तर लोक जेवणाबद्दल बोलत नसतील. त्यानंतर वर्षभर मी त्यांना काहीच विचारलं नाही. त्यांच्या शेऱ्यात आलं, ‘विद्यार्थी अबोल आहे’.

आणि आता नीट वाचा. ते गुरुजी आमच्यातलेच होते, पावराच. घरी गेल्यावर तेही आईला ‘तू’च म्हणत असतील. पण शिकताना त्यांना कोणीतरी ‘तुम्ही’ शिकवलं होतं, आणि कसं शिकवलं असेल ते मला कानाखालीवरून समजलं. म्हणून पेसा क्षेत्रात (आदिवासी स्वशासनाचा कायदा लागू असलेल्या भागात) स्थानिक आदिवासी शिक्षक भरले की सगळं सुटेल असं जे म्हणतात त्यांना माझं अर्धंच अनुमोदन. भरती हवीच. पण आमच्या माणसालाही प्रशिक्षण तेच द्यावं लागेल.

दुसरं, स्नेहसंमेलन. शहाद्याला कॉलेजात ‘आदिवासी नृत्य’ बसवलं होतं. तोंडाला काळं, कमरेला पाला, डोक्यात कोंबडीची पिसं, हातात थर्माकोलचा भाला आणि गाणं ‘झिंगालाला’. सर मला म्हणाले, "तू ओरिजिनल आहेस, तू पुढे राहा." पाला मी जन्मात नेसलो नव्हतो. आमच्याकडे होळीला जे बुध्या होतात त्यांच्या डोक्यावर बांबूचा मोरपिसांचा टोप असतो, कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधीभोपळे, अंगावर राखेची नक्षी. त्यासाठी कित्येक दिवस नेम पाळावे लागतात, खाटेवर निजायचं नाही वगैरे. माझ्या काकाने नवस म्हणून ते केलंय. थर्माकोलचा भाला त्याने पाहिला असता तर काय म्हणाला असता माहीत नाही. मी मात्र पुढे राहिलो, नाचलो, बक्षीसही घेतलं. प्रमाणपत्र अजून घरी आहे.

आणि एक करू शकतो. ताई, तुमच्या तासाला मी येतो. रजा टाकतो. वीस मिनिटं त्या चाळीस जणांना गणित शिकवतो, निव्वळ पावरीत. मराठीचा एक शब्द नाही. नर्मदेकाठच्या जीवनशाळांत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुलांना बोलीतून सुरुवात करून मराठीकडे नेतात, मी त्याच्या उलटं करतो.


गिरणाकाठ
मंगळवार, दुपारी २:०२

या. नक्की या. केंद्रप्रमुखांना ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ म्हणून सांगते, मानधन मात्र चहा-बिस्किट आहे.


भुसावळ_जंक्शन
मंगळवार, सायंकाळी ६:४५

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. रेल्वेमुळे आमच्या गावात तेलुगू, हिंदी, सिंधी, गुजराती, सगळंच ऐकू येतं, त्यामुळे शहराला आपण बहुसांस्कृतिक आहोत याचा फार अभिमान. फक्त भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मराठी शाळांमधले आमचे मित्र फोन करतात, "काय सर, पोरं नाराज असतील ना?" चेष्टेतच. चाळीस पोरं रात्री फटाके उडवून आलेली असतात.

यावल, रावेर, चोपडा भागातल्या तडवी मुलांचं कोणीच बोलत नाही. ते भिल्ल आहेत, अनुसूचित जमातीत आहेत आणि मुसलमानही आहेत. मुलगा एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेला की दर वेळी शिक्षक त्याला वर्गातच विचारतात, "म्हणजे तू नक्की कोण?" एका विद्यार्थ्याने उत्तर दिलं होतं, "सर, सहावी ब." मला ते फार आवडलं, त्या सरांना नाही.


लेस्टरची_आंडेर
मंगळवार, रात्री ११:५८

तिकडचं औषध म्हणणाऱ्यांसाठी तिकडूनच लिहिते. माहेर धुळ्याचं, लेस्टरमध्ये नऊ वर्षं शाळेत मदतनीस शिक्षिका आहे.

इथेही आधी म्हणत होते की प्रश्न मुलांचाच आहे. वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबांची मुलं मतिमंदांच्या शाळांत भराभर पाठवली जात होती. १९७१ साली बर्नार्ड कोर्ड नावाच्या शिक्षकाने पुस्तिका लिहून दाखवलं की चाचणी गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या मापाने शिवलेली आहे, बोली वेगळी असली की मूल मंद ठरतं आणि शिक्षकाची अपेक्षा खाली गेली की मूलही खाली जातं. १९८५ मध्ये स्वान समितीचा अहवाल आला. त्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे, हे शिक्षण फक्त काळ्या-आशियाई मुलांसाठी नाही, जिथे सगळी गोरी मुलं आहेत त्या शाळेतही हवं. म्हणजे आपल्याकडे अक्कलकुव्याइतकंच जळगावच्या शहरी इंग्रजी शाळेतही.

मग उत्साह आला. शाळाशाळांतून उत्सव सुरू झाले आणि टीकाकारांनी त्याला नाव ठेवलं: साड्या, समोसे आणि स्टील बँड. वर्षातून एक दिवस समोसा खायचा, उरलेले दिवस होतं तसंच. पुऱ्याचं झिंगालाला वाचून मला तेच आठवलं. (पोऱ्या म्हणायचं होतं, टंकताना घसरलं, माफी.) आपल्याकडे ढोल, तीरकमठा आणि नागलीची भाकर होईल.

१९९३ मध्ये लंडनला स्टीफन लॉरेन्स या काळ्या मुलाचा खून झाला, पोलिसांनी तपासाची पार वाट लावली. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने संस्थात्मक वंशवाद म्हणजे काय ते सांगितलं: कोणाच्या मनात पाप असायलाच हवं असं नाही. नकळत धरलेला ग्रह, अज्ञान, बेफिकिरी, ठोकळेबाज समजुती यांतूनही पूर्ण संस्था माणसाला कमी दर्जाची सेवा देते. काकांची सफाईची वही म्हणजे हेच ना? त्यात शाळांसाठीही शिफारस होती की वंशद्वेषाची घटना घडली की नोंद करायची. माझ्या शाळेत नोंद होते. सुरुवातीला शिक्षक कातावले होते. पण वर्षअखेरीस कागद समोर आला की "आमच्याकडे असं काही नसतं" म्हणता येत नाही, एवढा फायदा मी डोळ्यांनी बघितलाय.

बाकी इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. स्टाफरूममध्ये माझं नाव अजून तीन प्रकारे उच्चारतात.


अध्यापकांचा_अध्यापक
बुधवार, सकाळी ९:१०

मी अध्यापक विद्यालयात शिकवतो, म्हणून निळ्या डोळ्यांबद्दल आधी सांगतो. जेन इलियट या आयोवा राज्यातल्या राइसव्हिल गावच्या तिसरीच्या बाई. मार्टिन ल्यूथर किंग यांचा ४ एप्रिल १९६८ रोजी खून झाला, दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या सगळ्या गोऱ्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून वाटून वरचे-खालचे केलं. काही तासांत खालच्या ठरवलेल्या मुलांचा अभ्यास घसरला, वरची मुलं उर्मट झाली. दुसऱ्या वेळी अदलाबदल. मुलांवर हा प्रयोग करू नका. आपल्या वर्गात वरचे-खालचे आधीच वाटलेले आहेत. त्यांना संध्याकाळी "आता खेळ संपला" असं सांगता येत नाही.

आपल्या मातीतला पुरावा वापरा. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती तोवर दोन्हीकडची मुलं सारखीच चालली. सगळ्यांसमोर नाव-जात वाचून दाखवल्यावर खालच्या मानलेल्या जातींची मुलं मागे पडली. मुलं तीच, कोडी तीच. आता सांगा, आपल्याकडे जून-जुलैत काय होतं? "शिष्यवृत्तीवाले उभे राहा. एससी इकडे, एसटी तिकडे, जातीचा दाखला कोणाचा राहिला?" मी स्वतः असा उभा राहिलेलो आहे. फॉर्म भरणं चुकत नाही, पण ते ऑफिसात एकेकाला बोलावूनही भरता येतात.

पोऱ्या यांच्या गुरुजींबद्दल. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतात शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासायला दिल्या, वर मुलांची जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटेल तशी लिहिलेली. खालच्या जातीचं लिहिलेल्या पत्रिकांना थोडे कमी गुण पडले. आणि हे कमी गुण मुख्यतः खालच्या जातींतल्या तपासनिसांनी दिले होते. हे वाचलं तेव्हा मला दोन दिवस बरं वाटलं नाही.

प्रशिक्षणात काय कमी पडतं ते मी आतून बघतो. बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात ‘समावेशित शाळा’ असा विषयही आला. विद्यार्थी तो गाइडमधून पास होतात, आणि समावेशन म्हटलं की सगळ्यांना फक्त दिव्यांग मूल आठवतं. सरावपाठाला निरीक्षक फलकलेखन बघतो, आवाज बघतो, शैक्षणिक साहित्य बघतो. पंचेचाळीस मिनिटांत शिक्षकाने कोणाला प्रश्न विचारले, कोणाचं उत्तर पूर्ण होऊ दिलं, मागच्या बाकाकडे किती वेळा पाहिलं, यासाठी आमच्या निरीक्षण तक्त्यात रकानाच नाही. मी यंदा पेन्सिलने आखून घेतलाय. बाकाच्या नकाशावर नुसत्या खुणा करायच्या. भावी शिक्षक स्वतःचा नकाशा बघून इतका चपापतो की मला व्याख्यान द्यावं लागत नाही.


स्पष्टवक्ता७१
बुधवार, दुपारी १२:३०

शिष्यवृत्तीचं मान्य. माझ्या भावालाही असं उभं केलं होतं, तो फॉर्म न भरताच घरी आला होता. ते मी विसरलो होतो.

पण भाषेचं नाही पटत. उद्या पोलीस भरतीचा पेपर प्रमाण मराठीत येणार. बोलीचे लाड केले तर नुकसान त्याच मुलांचं. ‘पानी’ लिहिलं तर गुण जाणारच.


कळण्याची_भाकर
बुधवार, दुपारी १:१५

गुण जातील म्हणून प्रमाण मराठी शिकवायचीच, त्यात वाद नाही. पण घरची भाषा मोडूनच ती येते हे कोणी सांगितलं? मी अहिराणीतून विचार करत चाळीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलं.

नंदुरबारचा शिरीषकुमार घ्या. १९४२ च्या सप्टेंबरात पोलिसांच्या गोळ्यांपुढे तो पोरगा झेंडा घेऊन उभा राहिला. घोषणा कोणती होती? "नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं." गुजराती आहे ती, कारण ती त्याच्या घरची बोलायची भाषा होती. दर सप्टेंबरला आपण मुलांकडून ती जशीच्या तशी म्हणवून घेतो. "बाळा, प्रमाण मराठीत म्हण" असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आणि २०११ च्या जनगणनेत खानदेशी अठरा लाखांवर लोकांनी सांगितली, भिली-भिलोडी कोटीवर. लाड कोणाचे चाललेत ते बघा.


गिरणाकाठ
(तासानंतर) रविवार, रात्री ८:३०

झाला एकदाचा तास. वृत्तांत देते, जमलं ते आणि फसलं तेही.

पोऱ्या दादा आले. फळ्यावर आकडेसुद्धा न लिहिता त्यांनी पावरीत वजाबाकीची उदाहरणं घातली. बाजार, कोंबड्या, उधारी असं काहीतरी असावं. हातवारे कमी, आवाज एकदम आपल्यासारखाच, वर्गातल्या मास्तरचा. पहिली चार मिनिटं सगळे हसतमुख. सहाव्या मिनिटाला मागच्या रांगेत मोबाइल निघाले. नवव्या मिनिटाला एक ज्येष्ठ सर शेजाऱ्याच्या वहीत डोकावताना दिसले. बावन्न वर्षांचा माणूस उत्तर चोरत होता, आणि शेजाऱ्यालाही ते आलं नव्हतं. दादांनी केंद्रप्रमुखांना उभं केलं आणि सरळ ‘तू’ म्हणून विचारलं. एक मॅडम लगेच, "अहो, साहेबांना अरे-तुरे?" दादा पावरीतच काहीतरी बोलले. नंतर कळलं, ते म्हणाले होते, "ही मुलगी फार बडबड करते." :)

माझा मूळ प्रश्न आठवतोय ना, स्वतःचं हसू ऐकू येण्याचा? मी आधी सांगून मोबाइलवर आवाज टेप केला होता. चहाच्या वेळेत हसण्याचे तेवढे तुकडे काढले. वीस मिनिटांत चौदा. एक जण दादांच्या उच्चाराची नक्कल करतोय आणि त्यावरचा हशा सगळ्यात मोठा. तो ऐकवला. नक्कल करणारे सर म्हणाले, "मी नव्हतो." त्यांचं हसणं असं आहे की केंद्रातल्या पोरांनाही लांबून ओळखू येतं. त्यावर पुन्हा सगळे हसले, आणि मग गप्प झाले, कारण टेप चालूच होता.

वह्यांचं अर्धवट जमलं. चाळीसपैकी अकरा जणांनी आणल्या. सफाईची वही कोणीच नाही, "आमच्याकडे लेखी नसते." हजेरीवरून मात्र एक वेगळीच गोष्ट निघाली. दिवाळीनंतर माझ्याच वर्गातली नऊ मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीत. तीन शाळांच्या शेऱ्यात अशा मुलांपुढे ‘पालक उदासीन’ लिहिलेलं आहे. माझ्याही. आता ‘स्थलांतरित’ लिहायचं ठरलं. एवढंच ठरलं, हंगामी वसतिगृहाचं (अशी मुलं मागे राहून शिकावीत म्हणून असतं ते) काय यावर कोणी बोललं नाही.

शिष्यवृत्तीचे फॉर्म ऑफिसात एकेकाला बोलावून भरायचे, हे लगेच मान्य झालं. कारण त्याला खर्च नाही.

एका मॅडमनी रोखठोक विचारलं, "माझ्या वर्गात भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजर बोली आणि एक बिहारचं पोरगं. मी सहा भाषा शिकू?" दादा म्हणाले, "शिकू नको. विचार फक्त, तुमच्यात याला काय म्हणतात. पोरं सांगतील आणि भिंतीवर लिहितील. आणि कोणी ‘तू’ म्हटलं तर आधी बघ, तो काय विचारतोय." मॅडमना ते पटलं की ‘तू’ ऐकून राग आला हे कळलं नाही. बाहेर पडताना त्यांनी दादांना ‘सर’ म्हणून हाक मारली.

फसलं ते स्नेहसंमेलनाचं. दादांनी बुध्यांबद्दल, काकाच्या नवसाबद्दल सांगितलं. लोकांनी ऐकलं, दोघींनी वहीत लिहूनही घेतलं. मग एक सर उठले, "सर, तुमचं बरोबर आहे, पण जानेवारीत कार्यक्रम आहे, मुलींची प्रॅक्टिस झाली, ड्रेसवाल्याला ॲडव्हान्स गेलाय." आणि केंद्रप्रमुख म्हणाले, "यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू." मी तिथे तोंड उघडायला हवं होतं. वेळ संपली होती, फोटो काढायचा होता, अहवालाला फोटो लागतो. मी फोटोत उभी राहिले.


लेस्टरची_आंडेर
रविवार, रात्री ९:१०

चौदा! आमच्या स्टाफरूममध्ये हे करायची हिंमत नाही माझी.


स्पष्टवक्ता७१
रविवार, रात्री ९:४४

मॅडम, तो टेप इथे टाकू नका पण जपून ठेवा. आणि ते ड्रेसचं सोडू नका.


सातपुड्याचा_पोऱ्या
रविवार, रात्री १०:३०

ताई, ॲडव्हान्स किती गेलाय ते विचारा. परत मिळत नसेल तर अर्धा मी भरतो. मुलींची प्रॅक्टिस वाया जायला नको, गाणं बदलून देतो, ढोलाचं आहे, पाय तेच बसतील. काळा रंग आणि पिसं मात्र दुकानातच राहू द्या.


गिरणाकाठ
रविवार, रात्री १०:४१

पाचशे रुपये. ड्रेसवाला शहाद्याचा आहे. उद्या मधल्या सुट्टीत फोन लावते, गाणं पाठवून ठेवा.